बार्जची लूप लाईन कुठं आहे?

हे प्रकरण एका रिकाम्या बार्जचं, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्याचं आहे. ६० मीटर लांब, १८ मीटर रुंद, स्वतःचं इंजिन नसलेली. पूर्व किनाऱ्यावर आमचा माल उतरवून पावसाळ्याआधी तिला रायगडातल्या एका जेट्टीवर परत यायचं होतं. तिथलं पुढचं काम तिच्यावाचून अडलं होतं. एक टग तिला ओढत आणणार होता, आणि वाटेत पांबनचा रेल्वेपूल होता.

मी पुण्यात बसून असल्या फेऱ्यांच्या वेळा ठरवते. चाकण-तळेगावच्या शेडमधून निघणारी अवजड यंत्रं जमेल तितकी रस्त्यानं न्यायची आणि पुढं पाण्यावर चढवायची, हे आमचं काम. पुण्याच्या मुठेत बार्ज चालत नाही, त्यामुळे समुद्राशी माझा संबंध फोन, नकाशा आणि हवामानाचा अंदाज यांच्यापुरताच. तेच या प्रकरणाचं मूळ आहे. घटना जुना पांबन पूल चालू असतानाची, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची रेल्वे वाहतूक थांबली त्याच्या आधीची. नेमकं वर्ष आणि माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी होती, आणि तिची मांडणी कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून हे लिहितेय.

पांबन म्हटलं की आपल्याकडे रामेश्वरची यात्रा आठवते. गाडी संथपणे समुद्रावरून जाते आणि सगळे खिडकीशी गर्दी करतात. पण बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या त्याच अरुंद पाण्यातून उत्तरेचा पाल्कचा उपसागर दक्षिणेच्या मन्नारच्या आखाताला जोडला जातो. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला यायला लहान, कमी खोलीच्या जहाजांना हीच जवळची वाट. नाहीतर सगळ्या श्रीलंकेला वळसा. तो वळसा ढोबळमानानं ४०० सागरी मैलांचा धरा. बार्ज ओढणारा टग ५ नॉटनं, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांनी, चालला तर ८० तास, म्हणजे तीन दिवसांहून जास्त, आणि तेही उघड्या समुद्रात. शिवाय ओढून नेण्याची परवानगी देणारा सर्व्हेअर विशिष्ट मार्गासाठीच दाखला देतो. मार्ग बदलला की दाखला नव्यानं.

जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, १४५ पक्के गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, आणि मधे जहाजांसाठी उघडणारा २२५ फुटांचा एक. हा उघडणारा गाळा शेर्झर पद्धतीचा. दोन्ही बाजूंची दोन पानं डोलखुर्ची मागं कलावी तशी आपल्या गोल पायावर मागं लोळत वर उठायची. ती उठवायची माणसांनीच, लिव्हर फिरवून. उघडायला पाऊण तास, मिटायला पाऊण तास. कोरेगाव पार्कातल्या इरिसेनमध्ये, म्हणजे रेल्वेच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत, शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. ते म्हणाले, "उघडणं सोपं. खरी जोखीम मिटण्यात. दोन पानं एकमेकांना नीट भेटली, कुलपं बसली, रूळ रुळासमोर आला, हे तपासल्याशिवाय सिग्नल देता येत नाही. तो वेळ कुणी धरतच नाही." मीही धरला नव्हता.

पहिला दिवस

पांबनला पूल मागितला की लगेच मिळत नाही. जहाजाचा एजंट तिथल्या बंदर कार्यालयात अर्ज देतो, ते कार्यालय रेल्वेशी बोलतं, थांबलेली जहाजं जमतात आणि एके दिवशी गाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळेत सगळ्यांना एकदम काढलं जातं. आमचा टग पुलाच्या उत्तरेला तीन सागरी मैलांवर नांगरून होता. एजंटचा निरोप आला: उद्या पूल दुपारी दीड वाजता उघडणार.

मी गणित केलं. तीन मैल, वेग ४ नॉट, म्हणजे पाऊण तास. पाऊण वाजता नांगर उचलायचा, दीडला पुलाखाली. कॅप्टनना तसा निरोप दिला आणि साहेबांना कळवून टाकलं की उद्या संध्याकाळी बार्ज मन्नारच्या आखातात असेल.

निरोपातल्या "उघडणार" या एका शब्दावर सगळं घसरलं. मी समजले, दीडला पानं वर असतील. रेल्वेचा अर्थ वेगळा होता: दीडला ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवून कामाला दिलेला वेळ, सुरू होईल, माणसं लिव्हरला हात घालतील. त्यातून त्या दिवशी आधीची गाडी वीस मिनिटं उशिरा पूल ओलांडून गेली. त्या पुलावर ताशी १० किलोमीटरची मर्यादा होती, त्यामुळे नुसता पूल पार करायलाच तिला बारा मिनिटं लागायची. काम एक पन्नासला सुरू झालं. पानं पूर्ण वर गेली ती दोन पस्तीसला.

इकडं टगचा नांगर निघायला आणि दोर आखूड करायला मी धरल्यापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त गेली. खरं तर हे आमच्या पथ्यावरच पडायला हवं होतं, पण पाणी मागून येत होतं. पांबनच्या खाडीतला प्रवाह भरती-ओहोटीपेक्षा वाऱ्याच्या ऋतूवर जास्त चालतो. ईशान्य मोसमात तो दक्षिणेकडं वाहतो, नैर्ऋत्य मोसमात उत्तरेकडं. एप्रिल म्हणजे मधला काळ, रोज वेगळं. त्या दिवशी साधारण एका नॉटचा प्रवाह दक्षिणेकडं, म्हणजे आमच्याच दिशेनं होता. टग ४ नॉटनं चालत होता, पण जमिनीच्या हिशेबानं ५ नॉटनं पुढं सरकत होता. एक दहाला निघून एक चौतीसला तो पुलापासून एका मैलावर आला आणि समोर पूल पूर्ण मिटलेला.

कॅप्टन दाभोळचे. पस्तीस वर्षं पाण्यावर. त्यांनी तिथंच निर्णय घेतला: पुढं जायचं नाही, बाजूला वळायचं. मागून पाणी असताना, आखूड दोरावर, रिकामी बार्ज मागं घेऊन वळणं म्हणजे काय ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. रिकामी बार्ज पाण्यात जेमतेम मीटरभर बुडते. उरलेले तीन मीटर वर, ६० मीटर लांब. म्हणजे वाऱ्यापुढं १८० चौरस मीटरची भिंत. ढोबळ हिशेबानं १० नॉटच्या वाऱ्यात त्या भिंतीवर ३०० किलोचा रेटा येतो, २० नॉटला तो १,२०० किलो होतो. वारा दुप्पट, रेटा चौपट. आणि दुपारी समुद्राकडचा वारा चढत जातो. वळून, सावरून, परत नांगर टाकेपर्यंत सव्वादोन झाले. दोन पस्तीसला पूल उघडला तेव्हा वारा २० नॉटवर होता. कॅप्टननी नकार दिला.

बाकीची जहाजं वीस मिनिटांत निघून गेली. पूल मिटायला लागला.

साहेबांचा फोन आला. "पूल उघडा, सगळे चाललेत आणि आपली बार्ज नांगर टाकून बसलीय? हे काय आहे?" मी तोच प्रश्न तसाच कॅप्टनना विचारला, आणि आवाजही माझा चढलेला होता. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पूल उघडला म्हणजे मी गेलो, असं नसतं. मला थांबता येईल अशा जागेवरून मी निघालो पाहिजे. तुम्ही मला वेळ दिलीत, जागा दिली नाहीत."

ते वाक्य मला त्या दिवशी कळलं नाही. मी ते उद्धटपणा म्हणून धरलं. पुढची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. तोवर टगचं भाडं रोजचं चालू, डिझेल चालू, आणि रायगडातल्या जेट्टीवरून दिवसातून दोन फोन. लंकेच्या वळशाचा विषयही निघाला. कॅप्टन म्हणाले, रिकामी बार्ज घेऊन लंकेच्या दक्षिणेच्या उसळीत मी एप्रिलअखेर जाणार नाही, दुसरा मास्टर बघा. तो विषय तिथंच संपला.

सहकारनगरातला कागद

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. आयुष्यभर सेक्शन कंट्रोलर. पुणे-लोणावळा पट्ट्यातल्या लोकल, एक्स्प्रेस, मालगाड्या हेडफोन लावून हलवत बसलेला माणूस. रविवारी तळजाईवरून फिरून आले तेव्हा मी जिन्यात उभी होते. चेहरा बघून म्हणाले, "अगं, काय झालं? ये, चहा घे."

सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझी लूप लाईन कुठं आहे?"

मला कळेना. ते म्हणाले, "पुढचा सेक्शन मोकळा नसेल तर गाडी मी कुठं ठेवू? लूपवर. लूप म्हणजे स्टेशनातला बाजूचा रूळ. गाडी उशिरा आली, लवकर आली, पुढं गोंधळ झाला, तरी तिला उभं राहायला जागा असते. म्हणून वेळापत्रक चालतं. वेळापत्रक वेळेवर चालत नाही, लूपवर चालतं. तू त्या बार्जला तीन मैलांवरून सरळ सिंगल लाईनच्या तोंडाशी सोडलीस. मधे स्टेशनच नाही."

मग त्यांनी जुन्या सवयीनं मोठा कागद पसरला. कंट्रोल चार्ट ज्यानं पाहिला नाही त्याच्यासाठी सांगते: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर अंतर. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. वेगवान गाडीची रेघ उभी, संथ गाडीची लोळलेली. दोन रेघा जिथं छेदतात तिथं स्टेशन असावंच लागतं. आम्ही उभ्या रेषेवर नांगराची जागा, पूल आणि पुलापलीकडची मोकळी जागा मांडली. पुलाच्या आडव्या रेघेवर गाड्यांच्या वेळा खुणावल्या. मग मी टगची रेघ काढायला गेले तर काकांनी पेन्सिल धरली.

"रेघ नको काढूस. पट्टा काढ."

हेच या प्रकरणातलं मला सापडलेलं सर्वांत मोलाचं. ४ नॉटचा टग प्रवाहाप्रमाणे ३ ते ५ नॉटनं सरकतो. तीन मैलांना लागणार ३६ मिनिटं किंवा ६० मिनिटं, आधी सांगता येत नाही. त्यात नांगर आणि दोर यांचा अर्धा तास पुढंमागं. म्हणजे पुलाशी पोचताना पट्ट्याची रुंदी ५४ मिनिटं. आता टगला प्रत्यक्ष पूल किती वेळ लागतो? टग, आखूड दोर आणि बार्ज मिळून १५० मीटर, पुलाच्या अलीकडं-पलीकडं तीन-तीनशे मीटर धरले तर एकूण ७५० मीटर. ४ नॉटला सहा मिनिटं. सहा मिनिटांच्या कामाला ५४ मिनिटांचा अनिश्चितपणा! आणि मी सगळा वेळ भांडत होते ते पूल उघडायला लागणाऱ्या पाऊण तासावरून.

पट्टा अरुंद करायचा तर निघायची जागा पुलाजवळ आणायची. एका मैलावरून निघाल्यास १२ ते २० मिनिटं, पट्ट्याची रुंदी आठ. आधीचे दोन मैल आणि दोराचं काम आधीच उरकून, एका मैलावर टग तयार उभा. ती झाली लूप. मी लगेच कॅप्टनना फोन लावला. ते हसले. "हेच म्हणत होतो मी. पण एका मैलावर मी कधी उभा राहू शकतो? पाणी समोरून असेल तर."

हे समजून घ्यायला मला वेळ लागला. सुकाणू पाण्याच्या सापेक्ष चालतं, जमिनीच्या नाही. समोरून एक नॉट पाणी येत असेल आणि टग हळू, एका नॉटनं चालला, तर तो जमिनीवर जागच्या जागी उभा असतो आणि तरीही सुकाणूखालून पाणी वाहत असतं, बार्ज सरळ राहते. मागून पाणी असेल तर हे अशक्य. उभं राहायला जावं तर सुकाणू मेलं, आणि सुकाणू जिवंत ठेवावं तर पुलाकडं धाव. पुलाआधीचे शेवटचे ४०० मीटर घ्या. समोरच्या पाण्यात ते पार करायला चार मिनिटं वीस सेकंद, मागच्या पाण्यात अडीच मिनिटं. चूक सुधारायला तेवढाच वेळ.

काकांनी याला त्यांचा शब्द दिला. भोर घाटात उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबली तरच पुढचा सांधा मेन लाईनला लावतात. नाही थांबली, तर ती कॅच सायडिंगमध्ये चढावर जाऊन अडकते. "मागून पाणी म्हणजे तुझा उतार. समोरून पाणी म्हणजे चढ. चढावर गाडी कुठंही उभी करता येते. उतारावर नकाराची जागा आधी बांधावी लागते." आमच्या चार्टवर पुलाअलीकडं अर्ध्या मैलावर एक लाल रेघ आली. तिच्यापर्यंत कॅप्टन नाही म्हणू शकतात, तिच्यापुढं नाही.

लाल रेघेची वेळही ठरली. ठरलेल्या दिवशी आधीची गाडी १०:५० ला पूल सोडणार होती, पुढची १:५५ ला येणार होती. १:५५ मधून कुलपं आणि तपासणीची १५ मिनिटं वजा, मिटायचा पाऊण तास वजा, म्हणजे १२:५५ ला पूल मिटायला लागलाच पाहिजे. लाल रेघेपासून पुलापलीकडच्या मोकळ्या जागेपर्यंत एक मैल, समोरच्या पाण्यात ३ नॉटनं २० मिनिटं. उरले १२:३५. त्यातली पाच मिनिटं राखीव. साडेबारानंतर लाल रेघ ओलांडायची नाही, मग पूल कितीही उघडा दिसो.

क्रमावर वाद झाला. पहिल्यांदा मला वाटलं, आपण पहिले जाऊ, म्हणजे राहून जायची भीती नाही. एजंटलाही ते पटलं होतं. कॅप्टननी मोडून काढलं: टग-बार्ज मधे अडकली तर मागच्या सगळ्यांचा रस्ता बंद, आणि रेल्वेचाही. आपण शेवटी. मग शेवटच्याला उशीर झाला तर पूल कुणासाठी खोळंबणार? त्यावर उत्तर साडेबाराची रेघ होती. आम्ही लिहूनच दिलं की त्या वेळेला आम्ही रेघ ओलांडली नसेल तर पूल आमच्यासाठी थांबवू नका. माझ्या समजुतीप्रमाणे रेल्वेच्या माणसांचा सूर या एका ओळीनं बदलला. जहाजवाला स्वतःहून "मला सोडून द्या" म्हणतो, हे त्यांनी फारसं ऐकलं नसावं.

आणि विरुद्ध दिशेनं येणारी जहाजं आधी, की आपल्या बाजूची? मन्नारच्या बाजूनं दोन येणार होती. काकांना हा प्रश्न सिंगल लाईनवरच्या क्रॉसिंगसारखा वाटला: ज्याला थांबता येत नाही त्याला आधी सोडायचं. पाणी उत्तरेकडं वाहत असेल तर उत्तरेला येणाऱ्यांचा उतार, त्यांना आधी. आमचा चढ, आम्ही उभे. नंतर कळलं की समुद्रावरही अरुंद पाण्यात जुनी रीत हीच.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट इथंच सांगते. पांबनला वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल होतो आणि गाडी सोडत नाहीत. यामागं १९६४ ची आठवण आहे. २२-२३ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळानं धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर समुद्रात ओढून नेली, गाडीतलं कुणी वाचलं नाही, पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले. उघडणारा शेर्झर गाळा मात्र तगला. पुढं कोकण रेल्वे बांधणाऱ्या ई. श्रीधरन यांनी तरुणपणी तो पूल ४६ दिवसांत परत उभा केला. तर ५८ किलोमीटर म्हणजे ३१ नॉट. आमच्या कॅप्टनची मर्यादा १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटर. गाड्या बिनघोर चालू असतात त्या वाऱ्यात रिकामी बार्ज घेऊन पुलाखालून जाणं वेडेपणा ठरतो. रेल्वेचा हिरवा दिवा आमचा हिरवा दिवा नव्हे, हे मी आधी कधी ताडून पाहिलंच नव्हतं.

आणि इथंच खरी गाठ होती, जी कागदावर सुटली नाही. लांबच्या गाड्या रात्रभर धावून सकाळी रामेश्वरला पोचतात आणि संध्याकाळी परत निघतात. रेल्वेची मोकळीक म्हणून दिवसाच्या मध्यात. समुद्राची मोकळीक पहाटे, वारा उठायच्या आधी. जुन्या पुलाला उघडमिटीलाच दीड तास. त्यात तपासणीची १५ मिनिटं, आधीच्या गाडीच्या उशिरासाठी २५, जहाजांना ४०. एकूण १७० मिनिटं, जवळपास तीन तास. एवढी फट सकाळी मिळणं शक्य नव्हतं. आम्ही दुपारी मिळालेल्या फटीतला सर्वांत आधीचा तुकडा मागितला, एवढंच.

दुसरी खेप

त्या दिवशी टगनं सकाळी आठलाच नांगर उचलला. साहेबांना ते पटलं नव्हतं. "तीन तास आधी डिझेल कशाला जाळायचं?" मी म्हटलं, लूपवर उभं राहण्याचं ते भाडं आहे. बार्जच्या मागं एक लहान स्थानिक बोट दोर लावून घेतली, शेपूट आवरायला. वारा आता दक्षिणेचा झाला होता आणि पाणी समोरून. कॅप्टनचा निरोप आला: "एका मैलावर उभा आहे. चढ आहे."

काकांचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता.

आधीची गाडी पंधरा मिनिटं उशिरा, ११:०५ ला पूल सोडून गेली. पानं ११:५० ला वर. मन्नारकडची दोन आत आली, मग आमच्या बाजूची छोटी जहाजं गेली. किनाऱ्यावरून एजंट प्रत्येकाची वेळ फोनवर सांगत होता, मी सहकारनगरात काकांच्या टेबलावर खुणा करत होते. बाराला टग लूपवरून निघाला. वारा १३ नॉट. १२:१० ला लाल रेघ. तिथं कॅप्टननी व्हीएचएफ रेडिओवर "जातो" म्हटलं, ते एजंटच्या फोनमधून मला ऐकू आलं. त्यानंतरची दहा मिनिटं फोनवर कुणीच बोललं नाही. मधेच मागच्या बोटीचा दोर सुटला, तो सुटल्याचं मला नंतर कळलं. समोरच्या पाण्यामुळे बार्जची शेपूट फिरली नाही. १२:२० ला बार्ज पुलाखाली. साडेबाराला पलीकडं.

पूल १:१७ ला मिटला. कुलपं, तपासणी, आणि १:५५ ची गाडी आपल्या वेळेला गेली.

काकांनी चार्टवर बार्जची खरी रेघ शाईनं ओढली. ती पट्ट्याच्या आतच होती, पण खालच्या कडेला चिकटून. समोरचं पाणी आम्ही धरल्याइतकंच जोरात निघालं. जरा जास्त असतं तर साडेबाराच्या रेघेपर्यंतची वीस मिनिटं भराभर संपली असती. त्याबद्दल काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

नऊ दिवसांच्या भाड्याचा हिशेब मी स्वतः लिहून साहेबांकडं दिला. कारण या रकान्यात "पूल उशिरा उघडला" असं लिहिता आलं असतं. मी लिहिलं: सुरुवातीच्या वेळेचा अर्थ विचारला नाही, थांबण्याची जागा ठरवली नाही.

नवा पूल

६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, नव्या पांबन पुलाचं उद्घाटन झालं. तो जुन्यापेक्षा तीन मीटर उंच. त्याचा उघडणारा गाळा ७२.५ मीटरचा आणि तो कलत नाही, सबंध गाळा सरळ १७ मीटर वर उचलला जातो. दोन्ही टोकांना मनोरे, दोरांना प्रतिभार, इमारतीतल्या लिफ्टसारखं. मोटर चालू केली की पाच-साडेपाच मिनिटांत वर.

वर्तमानपत्रांत सगळीकडं "पाऊण तासाऐवजी पाच मिनिटं" असं आलं. जहाजाची वाट पाहण्याची वेळ त्या हिशेबानं घटेल असं वाचणाऱ्याला वाटतं. माझ्या चार्टवर ते तसं दिसत नाही. टगचा पट्टा तेवढाच रुंद आहे. प्रवाह तोच, वारा तोच. शेजारी १९८८ पासून उभा असलेला रस्त्याचा पूल उचलत नाही, त्यामुळे बार्जवर क्रेन उभी करून नेण्याची मर्यादाही तशीच. वेगळं दिसतं ते दुसरीकडं. दीड तासाची उघडमिट आता दहा मिनिटांवर आली. त्यात तीच तपासणी, तोच उशिराचा वाटा, तीच जहाजांची ४० मिनिटं मिळवली तर १७० ऐवजी ९० मिनिटं पुरतात. तीन तासांची फट फक्त दुपारी सापडायची. दीड तासाची सकाळी, दोन गाड्यांच्या मधे, सापडू शकते. म्हणजे जहाजाला वेळ वाचवून मिळाला असं नाही, पण पहाटेचा शांत वारा मागता येईल अशी शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली. ती कुणी मागितली तरच. बंदराच्या अर्जात टगवाले अजूनही "लवकरात लवकर" असं लिहितात, आणि मग रेल्वेच्या सोयीची दुपार पदरात पडते.

मागच्या महिन्यात पुढच्या बार्जचा अर्ज लिहायला घेतला. काकांनी आधी चार्ट मागितला. डोळ्यांना आता कमी दिसतं, त्यामुळे पेन्सिलीऐवजी जाड स्केचपेन वापरतात. अर्जात वेळेच्या रकान्यात मी लिहिलं: "सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड तासाच्या मोकळ्या अवधीत. पाणी समोरून असेल तर टग पुलापासून एका मैलावर तयार उभा राहील. मागून असेल तर त्या दिवशी आम्ही येणार नाही. ब्लॉक सुरू होण्याची आणि गाळा पूर्ण वर जाण्याची वेळ कृपया वेगवेगळी कळवावी."